स्कीचे बूट केबिनमध्ये येऊ द्या : श्रीनगरच्या हिवाळी विमानांसाठी एक खुलं पत्र

प्रति,
नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
आणि हिवाळ्यात श्रीनगरला विमानं नेणाऱ्या सर्व देशांतर्गत कंपन्या

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात राहते. २००६ च्या जानेवारीत पहिल्यांदा गुलमर्गला स्की शिकायला गेले, तेव्हा गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराकडे जाणारा गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हा लागलेलं वेड अजून उतरलेलं नाही. एरवी सह्याद्रीत ट्रेक नेते आणि हिवाळा आला की पुण्या-मुंबईची, नाशिकची दहा-बारा मुलंमुली घेऊन श्रीनगरचं विमान पकडते. त्या विमानात पाऊल ठेवण्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल हे पत्र आहे, आणि ते एकाच वस्तूबद्दल आहे. स्कीचे बूट.

मागणी आधीच सांगते. स्कीचे बूट पिशवीत घातलेले असतील आणि सात किलोच्या आत असतील, तर ते हातातलं सामान म्हणून केबिनमध्ये नेता येतील, असं तुम्ही स्पष्ट लिहून द्या. आणि ते देशातल्या प्रत्येक काउंटरवर, तपासणीच्या प्रत्येक रांगेत सारखं पाळलं जाऊ द्या.

स्की केबिनमध्ये नेऊ द्या, असं मी म्हणत नाही. स्की लांब असतात, त्यांच्या कडा पोलादी असतात, त्या विमानाच्या पोटातच गेल्या पाहिजेत. काठ्यांचंही तेच. केबिनमध्ये बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फ क्लब यांच्या रांगेत स्की पोलही आहेत आणि ते योग्य आहे. बूट त्या यादीत नाहीत. अडचण नेमकी इथेच आहे. यादीत नसल्यामुळे ते चालतात असं आम्ही समजतो, आणि परवानगी कुठे लिहिलेली नसल्यामुळे चालत नाहीत असं काउंटरवरचा मुलगा समजतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि मागे चाळीस माणसं ताटकळत असतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. माझ्या गटातली एकोणीस वर्षांची एक मुलगी. तीन हिवाळे भाड्याच्या बुटांवर शिकली, नंतर मावशीकडे ऑस्ट्रियाला गेलेली असताना इन्सब्रुकच्या एका दुकानातून तिने स्वतःचे बूट घेतले. दुकानदाराने तिचा पाय मोजला, टाचेची रुंदी, घोट्याचं हाड, पायाची कमान सगळं पाहिलं, बुटातलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, गरम करून तिच्या पायात चढवलं आणि ते थंड होऊन पायाचा आकार धरेपर्यंत तिला बकलं लावून तसंच उभं केलं. साधारण पंचेचाळीस हजार रुपये लागले. निम्मे तिने शिकवण्या घेऊन जमवले होते. त्या वेळी राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती आणि ती तयारीत होती.

पुण्याहून निघताना काउंटरवर तिला सांगण्यात आलं, "हे शूज केबिनमध्ये नाही चालणार, चेक-इनला टाका." का, असं मी विचारलं. "स्पोर्ट्स इक्विपमेंट आहे, मॅडम." मी वजन करून दाखवलं, चार किलो दोनशे ग्रॅम. पिशवी त्यांच्याच मोजपट्टीच्या सांगाड्यात बसवून दाखवली. उपयोग झाला नाही. बूट मोठ्या बॅगेत गेले, बॅग पंधरा किलोच्या वर गेली, जादा वजनाचे पैसे भरले आणि आम्ही निघालो. दिल्लीला विमान बदललं. श्रीनगरला पट्ट्यावर तिची बॅग आलीच नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झालं, विमानं रद्द झाली, आणि बॅग गुलमर्गला पोचली ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी.

तोवर तिने भाड्याचे बूट घातले. तिचं माप २५.५. दुकानात शिल्लक होते २७. आतलं लायनर कित्येक हंगामांत दबून चपटं झालेलं. टाच हलत होती म्हणून तिने दोन जोड मोजे चढवले. मी असते तर चढवू दिले नसते, कारण जाड मोज्यांनी पाय घट्ट बसत नाही, उलट बुटाच्या आत तरंगतो आणि रक्त अडून गारठतो. मी तेव्हा दुसऱ्या गटाबरोबर खाली होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो त्या कोंगडोरीच्या उतारावर साधं डावं वळण घेताना ती मागे झुकली, पडली आणि गुडघ्याचा आतला लिगामेंट दुखावला. सहा आठवडे पट्टा. निवड गेली. बूट आले त्या संध्याकाळी खोलीत ते तिच्या पलंगाशेजारी ठेवले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, हे परत पुण्याला नेताना तरी हातात देतील का?"

तिचा गुडघा बुटामुळेच गेला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. स्वतःच्या बुटातही माणूस पडतो, मी स्वतः कितीदा पडले आहे. पण ज्या तऱ्हेने ती पडली, ती तऱ्हा मी सैल बुटांत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्याचं कारण सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने बूट म्हणजे पायात घालायची एक वस्तू असणार. ट्रेकिंगचा, क्रिकेटचा, पावसाळी, तसाच हाही एक.

स्कीचा बूट चालण्यासाठी बनवलेलाच नसतो. माणसाचा पाय स्कीला जोडणारा तो एक सांधा आहे. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच असतं, त्याला शेल म्हणतात. आत मऊ लायनर. वरून साधारण चार धातूची बकलं. उतारावर स्की वळवायची ती हाताने नाही, कमरेनेही नाही. नडगी बुटाच्या जिभेवर पुढे दाबायची आणि तळपाय किंचित कलता करायचा. ते कलणं काही मिलीमीटरचं असतं. टाच बुटात जागच्या जागी असेल तर ते मिलीमीटर तसेच स्कीच्या कडेपर्यंत पोचतात. टाच एक सेंटिमीटर उचलली जात असेल तर काही पोचत नाही. मग घाबरून माणूस मागे बसतो, म्हणजे वजन टाचांवर टाकतो. मागे बसलं की मांड्या पेटतात, स्कीची पुढची टोकं ऐकेनाशी होतात, आणि पडण्याच्या क्षणी शरीर खाली आणि मागे, तर स्की भलत्याच दिशेने फिरते. या दोघांच्या मधोमध गुडघा असतो.

पूर्वीचे बूट चामड्याचे, नाडीचे होते. ते पायाप्रमाणे सैलावायचे, आणि म्हणूनच स्कीवर ताबा कमी मिळायचा. १९६० च्या दशकात प्लास्टिकचे कवच आले आणि खेळ बदलला. ताबा वाढला, वेग वाढला, पण बुटाने पायाशी जुळवून घेणं संपलं. तेव्हापासून बूट पायावर बसवून घ्यावा लागतो. आपल्याकडे करकरीत कोल्हापुरी चप्पल कशी आधी चावते, तिला तेल पाजावं लागतं, महिनाभराने ती पायाची होते आणि मग दुसऱ्या कुणी घातली तर त्याला ती परकी लागते, तसंच काहीसं. फरक एवढाच, की चप्पल चावली तर फोड येतो, इथे गुडघा पणाला लागतो.

मापाचं गणितही साधं नाही. स्कीच्या बुटाचं माप पायाच्या लांबीचं असतं, सेंटिमीटरमध्ये. पाय साडेपंचवीस सेंटिमीटर, तर बूट २५.५. कवच मात्र बहुतेक कंपन्या पूर्ण मापातच बनवतात, अर्ध्या मापाचा फरक आतल्या लायनरने किंवा तळव्याखालच्या पट्टीने भरून काढतात. लांबीनंतर रुंदी. अरुंद कवच साधारण ९८ मिलीमीटर, मध्यम १००, रुंद १०२ आणि त्याहून पुढे. आमच्या मुलांचे पाय, लहानपणापासून चपला-सँडलमध्ये आणि घरात अनवाणी वाढलेले, पुढे पसरट आणि टाचेला निमुळते असतात. हे मी गेली अठरा-एकोणीस वर्षं माझ्या गटांतले पाय पाहून सांगते आहे. भाड्याच्या दुकानात अशा पायाला चवड्याला बसणारा बूट शोधला की टाच सैल पडते, आणि टाच घट्ट धरली की करंगळी चेपते. दुकानदाराची चूक नसते. त्याच्या फळीवर जे आहे त्यातूनच तो देणार.

गुलमर्गला स्की भाड्याने मिळतात, काठ्या मिळतात, हेल्मेट, गॉगल, अगदी जाकीटही मिळतं. आणि हे सगळं भाड्याचं चालतं, कारण ते परक्या माणसाशी जुळवून घेण्यासाठीच बनवलेलं असतं. माझा विद्यार्थी स्वतःचे बूट घेऊन दुकानात गेला, तर कारागीर टाचेजवळ कोरलेला तळाच्या लांबीचा आकडा वाचतो, समजा ३०५ मिलीमीटर. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा, मागचा भाग त्या आकड्यावर सरकवतो, दाब पाहतो, आणि मुलाचं वजन, उंची, वय आणि कसब विचारून पडताना स्की कितपत जोर आल्यावर पायातून सुटावी ते ठरवतो. पाच-सात मिनिटांचं काम. मी मुलांना एवढंच बजावते की बूट घेताना तळ साधा, नेहमीच्या अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीच्या, मानकाचा घ्या, कारण टूरिंगचे, म्हणजे स्कीवरून डोंगर चढण्यासाठीचे, किंवा नव्या वळणदार तळाचे बूट भाड्याच्या प्रत्येक बाइंडिंगमध्ये बसत नाहीत. स्की अशी बुटाला जुळवता येते. बूट मात्र पायाला पाच मिनिटांत जुळवून देणारं दुकान मला या अख्ख्या मार्गावर सापडलेलं नाही.

म्हणून जगभर स्कीला जाणारी माणसं बाकी सगळं चेक-इनला देतात आणि बूट हातात ठेवतात. बॅग हरवली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे, जाकीट, स्की उभ्या करता येतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने हे सरळ लिहूनच टाकलं आहे, की स्कीचे बूट केबिनमध्ये चालतात. तिकडच्या मोठ्या कंपन्यांचा आणखी एक नियम मला फार समजूतदार वाटतो. बूट चेक-इनला दिलेच, तर स्कीची पिशवी आणि बुटाची पिशवी मिळून एकच नग धरला जातो. कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं आहे.

आता तुमच्या बाजूने विचार करते.

पहिला मुद्दा जागेचा. आमचं मागणं जादा बॅगेचं नाही. एक प्रवासी, एक हातातली बॅग, सात किलो, हा नियम आम्ही जसाच्या तसा पाळू. त्या एका बॅगेत कपडे आणि खाऊ न भरता आम्ही बूट भरतो, इतकंच. बुटांची जोडी साडेतीन ते पाच किलो भरते. ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या मापात ती उलटसुलट ठेवली की बसते, मी अनेकदा बसवली आहे. एखाद्याचे बूट २९ किंवा ३० मापाचे असतील आणि बसत नसतील, तर त्याला नाही म्हणा. पण मोजून म्हणा.

दुसरा मुद्दा वर ठेवण्याचा. पट्ट्याने गळ्यात अडकवलेले उघडे बूट वरच्या कप्प्यात ढकलले, तर ते उद्या कुणाच्या डोक्यावर पडतील. हे मी पाहिलं आहे आणि मला ते मान्य नाही. बंद पिशवी ही अट जरूर घाला. आणखी एक गोष्ट मी स्वतःहून सांगते. वजन वाचवायला काही जण स्कीचे बूट पायात घालूनच विमानात चढायला बघतात. त्यांना चढू देऊ नका. घोटा न वाकणाऱ्या, निसरड्या प्लास्टिक तळाच्या बुटात आणीबाणीच्या वेळी कुणी धावू शकत नाही, घसरगुंडीवरून उतरू शकत नाही, आणि मागच्यांची वाट अडवतो. मी माझ्या मुलांना यासाठी कधीच परवानगी दिलेली नाही.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेते. श्रीनगरहून परतताना काय तपासणी असते हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. टर्मिनलच्या कितीतरी अलीकडे गाडीतून उतरायचं, सगळं सामान एक्स-रेमधून काढायचं, पुन्हा गाडीत बसायचं, पुढे पुन्हा तपासणी. तो विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, आणि तिथल्या जवानाने संशय घेणं हे त्याचं कामच आहे. स्कीचा बूट एक्स-रेत चांगला दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. जाड प्लास्टिक, बकलं, रिव्हेटं, तळातले स्क्रू, टूरिंगच्या बुटाच्या टोकाला पोलादी खोबणी. पडद्यावर तो एक गडद गोळा होतो. म्हणून आम्ही काय करायचं तेही लिहून द्या, आम्ही करू. बूट पिशवीतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवू. बकलं उघडी ठेवू. सांगाल तर लायनर बाहेर काढून दाखवू. थंडीत आखडलेल्या बुटातून ते काढायला दोन-तीन मिनिटं जोर लावावा लागतो, पण ते निघतं. स्फोटकांच्या तपासणीची पट्टी आतून फिरवायची असेल तर फिरवा.

यात आमच्याही लोकांच्या चुका आहेत. बुटाच्या आत जागा मोकळी दिसते म्हणून त्यात पॉवर बँक, चार्जर, गरम मोज्यांच्या बॅटऱ्या, कधी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा कोंबलेला मी पाहिला आहे. मग तपासणारा चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या असतात, पण त्या वेगळ्या, दिसतील अशा. माझ्या गटाचा नियम आहे, बुटात मोज्यांशिवाय काही नाही, आणि बूट आदल्या रात्री कोरडे केलेले.

श्रीनगरच्याच एका जवानाची आठवण सांगते, कारण या पत्रात नुसती तक्रार नको. त्याने माझ्या विद्यार्थ्याचे बूट ट्रेमधून उचलले, उलटे केले, बकल उघडून पाहिलं आणि विचारलं, "अफरवट गए थे?" तो हिमाचलचा होता, लहानपणी सोलंगला लाकडी फळ्यांवर घसरलेला. त्याने दोन मिनिटांत सगळं नीट तपासलं आणि बूट हातात दिले. त्याच मुलाला, त्याच बुटांसह, पंधरा दिवसांपूर्वी येताना दुसऱ्या एका विमानतळावर अर्धा तास अडवून ठेवलं होतं. वस्तू तीच, नियम तेच, देश तोच. फरक फक्त समोरच्या माणसाला तो बूट ओळखीचा आहे की नाही, याचा. आमच्या मुलांचा हंगाम अशा योगायोगावर सोडून कसं चालेल?

हंगामाचं म्हणाल तर तो आता फार लहान झाला आहे. चिल्लई कलानचे, काश्मीरातल्या कडाक्याच्या थंडीचे, ते चाळीस दिवस, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, पूर्वी बर्फाची हमी असायची. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. याचा अर्थ असा, की बर्फ पडलं की लगेच निघावं लागतं. तिकिटं आयत्या वेळी, विमान बदलून, मिळेल त्या वेळेची. अशाच प्रवासात बॅगा मागे राहतात. आणि पोचल्यावर हातात आठ-दहा दिवस असतात. त्यातले तीन बुटाची वाट पाहण्यात गेले, तर महाराष्ट्रातून गेलेल्या मुलाकडे उरतं काय? गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या तंगमर्गच्या मुलाला उद्याही बर्फ दारात आहे. आमच्या मुलाला पुढचं बर्फ पुढच्या वर्षी.

आकडा लहान आहे, हे मला मान्य आहे. स्कीचे बूट घेऊन विमानाने जाणारे या देशात किती, असं कुणी विचारेल. पण गुलमर्गला १९४८ पासून लष्कराची स्की शाळा आहे. पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहण संस्था तिथेच आहे आणि देशभरातून मुलं तिथे शिकायला जातात. २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात कांस्य जिंकलं, स्कीतलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा खेळाडू गेला, तोही तंगमर्गचा, आरिफ खान. सरकार हिवाळी खेळांवर खर्च करतं, स्पर्धा भरवतं, राज्यांचे संघ बोलावतं. त्या संघातल्या मुलाचे बूट मात्र त्याच्या स्वतःच्या पैशाने आणलेले असतात, आणि ते त्याच्याबरोबर पोचतील की नाही हे काउंटरवर ठरतं.

पैशांबद्दलही एक गोष्ट. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रवासी सनदेप्रमाणे देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, खराब झालं किंवा उशिरा आलं तर भरपाईची मर्यादा वीस हजार रुपये आहे. पंचेचाळीस हजारांचे बूट आम्ही तुमच्या हाती देतो ते या मर्यादेवर. खेळाच्या साहित्याचं वेगळं शुल्क घ्यायला कंपन्यांना महासंचालनालयाने परवानगी दिलेली आहे, आणि स्कीसाठी ते आम्ही कुरकुर न करता भरतो. पण जो बूट माझ्या मांडीवर बसून जाऊ शकतो, तो आधी माझ्याकडून काढून घ्यायचा, त्याचे जादा वजनाचे पैसे घ्यायचे आणि हरवला तर निम्म्याहून कमी किंमत द्यायची, यात कुठला हिशेब बसतो ते मला समजावून सांगा. त्या मुलीला तर भरपाई मागता येईल हेही माहीत नव्हतं. बॅग उशिरा आल्याचा कागद विमानतळ सोडण्याआधी करून घ्यायचा असतो, तो मी करून घेतला होता. पुढे उत्तरं आली ती ठरावीक साच्याची. गेलेले तीन दिवस त्यात कुठेच नव्हते.

तेव्हा सुरक्षा ब्युरोकडे मागणं आहे ते एका ओळीच्या परिपत्रकाचं. स्की आणि काठ्या केबिनमध्ये नाहीत, स्कीचे बूट तपासणीनंतर चालतील. कंपन्यांकडे मागणं हे, की संकेतस्थळावर खेळाच्या साहित्याच्या पानावर बुटांचा वेगळा उल्लेख करा. हातातली एकमेव बॅग म्हणून, वजनात आणि मापात बसत असतील तर ते चालतील असं लिहा, आणि चेक-इनला दिले तर स्कीबरोबर एकच नग धरा. ते पान आम्ही छापून घेऊन येऊ, पण ते काउंटरवरच्या मुलामुलींनाही आधी दाखवा. वादात त्यांचीही ओढाताण होते, आणि वरून काही लिहून आलेलं नसताना निर्णय त्यांच्या गळ्यात पडतो. महासंचालनालयाने हे हिवाळी वेळापत्रक लागू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आत करून घ्यावं. श्रीनगरबरोबर लेह, डेहराडून आणि कुल्लूही त्यात धरा. औलीला आणि सोलंगला जाणारी मुलंही हीच पिशवी खांद्याला लावून निघतात.

गोंडोलात माझ्या विमानप्रवासाची चर्चा नेहमीच निघते. मागच्या खेपेला शेजारी बसलेल्या गुलमर्गच्या एका म्हाताऱ्या मार्गदर्शकाने माझ्या बुटांकडे पाहून विचारलं होतं, हे विमानात कसे आणले? हातात आणले म्हटल्यावर तो समाधानाने हसला. त्याच्या लेखी तेच स्वाभाविक होतं.

परिपत्रक काढण्याआधी कुणाला बूट प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर मी येते. दिल्लीला बोलवा, मुंबईला बोलवा, पुण्याच्या विमानतळावर तर सकाळी कळवलं तरी दुपारी येईन. तीन वेगवेगळ्या मापांच्या जोड्या आणि एक टूरिंगची जोडी आणते. एक्स-रेखालून काढा, लायनर ओढून बघा, तुमच्या सांगाड्यात बसवा, वजन करा. कुठला कर्मचारी कुठे अडतो ते समोर बसून समजून घेऊ आणि ज्या अटी घालाव्याशा वाटतील त्या तिथेच लिहू. येत्या जानेवारीत माझ्या गटात अकरा जण आहेत. त्यातल्या सहा जणांकडे स्वतःचे बूट आहेत. ती मुलगीही आहे. तिचा गुडघा आता बरा आहे.

आपली नम्र,
गुलमर्गला दर हिवाळ्यात गट नेणारी पुण्यातली एक स्की प्रशिक्षक